खोक्यावरचा वेग आणि रायफलचा नेम

अमेरिकेत हरणाच्या शिकारीच्या हंगामाची तयारी करताना तुम्ही .308 विंचेस्टर रायफल घेतली आहे, म्हणून तिच्याविषयीच लिहितो. 150 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) काडतुसाच्या खोक्यावर सहसा सेकंदाला 2820 फूट असा वेग छापलेला असतो. पण तो बहुधा 24 इंची चाचणी-नळीतून मोजलेला असतो, आणि तुमची नळी 20 इंचांची असेल तर प्रत्यक्ष वेग त्याहून कमी भरेल. शक्य असल्यास क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या उपकरणावर, तो स्वतः मोजून घ्यावा.

नेम लावताना आधी 25 यार्डांवरून कागदावर गोळी आणावी आणि मगच 100 यार्डांवर जावे. बहुतेक दुर्बिणींची एक टिचकी, म्हणजे नेम सरकवणाऱ्या चकतीचा एक खटका, 100 यार्डांवर पाव इंच सरकवते, परंतु 25 यार्डांवर तेवढ्याच सरकावासाठी चौपट टिचक्या लागतात, आणि नवशिके नेमके येथेच गोंधळतात. एका गोळीवरून काहीही फिरवू नये. तीन गोळ्यांच्या पुंजक्याचा मध्य धरावा आणि नळी थंड होऊ द्यावी. रानात पहिली गोळी थंड नळीतूनच सुटते, म्हणून ती कोठे लागते हे वेगळे नोंदवून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

100 यार्डांवर नेम जुळवलेली ही गोळी 200 यार्डांवर सुमारे चार इंच, तर 300 यार्डांवर एक फुटाहून अधिक खाली उतरते. काडतुसाचा प्रकार बदलल्यास नेम पुन्हा तपासावा. जखमी जनावर हातचे निसटू नये, यासाठी पहिल्या हंगामात 200 यार्डांपलीकडे चाप ओढू नये.