स्कॉटलंडच्या मूळ पाइनवनांत खारी आणि पक्षी एवढ्या बिया खातात, मग ती जंगलं त्यामुळेच आटत आहेत का?

नाही, बिया खाल्ल्याने नव्या रोपांची संख्या घटते हे खरं, पण तिथलं जंगल अडलंय ते मुख्यतः लाल हरणांमुळे, कारण उगवलेली रोपंच ती खुडून टाकतात. तिथल्या स्कॉट्स पाइनचा शंकू, म्हणजे खवल्यांत बिया धरणारं बोंड, पिकायला साधारण दोन वर्षं लागतात आणि लाल खार तो हिरवा असतानाच कुरतडायला घेते. खवले एकेक करून उपटते, बी खाते, आणि उरलेला दांडा खाली टाकते, अगदी खाल्लेल्या कणसाच्या बुरकुंडासारखा. क्रॉसबिल पक्ष्याच्या चोचीची टोकं एकमेकांवर चढलेली असतात; त्यांनी तो खवले फाकवतो आणि जिभेने बी ओढून घेतो. जमिनीवर पडलेलं बी उंदीर वेचतात. एवढं होऊनही झाड टिकतं, कारण शंकू दरवर्षी सारखे धरत नाहीत. कमी बहराच्या वर्षांत खाणारे रोडावतात, मग एखाद्या वर्षी एवढं बी पडतं की सगळं संपवणं त्यांना जमतच नाही. शिवाय पाइन दोन-तीनशे वर्षंही जगतो, त्यामुळे त्याला तेवढ्या काळात मोजकीच रोपं जगवायची असतात.

मात्र हे सगळ्याच सूचिपर्णी झाडांना लावू नका. उत्तर अमेरिकेतल्या व्हाइटबार्क पाइनचे शंकू आपणहून उघडत नाहीत, बियांना पंखही नसतात. तिथे क्लार्क्स नटक्रॅकर हा पक्षी बिया जमिनीत पुरून ठेवतो आणि त्याने न उकरलेल्या बियांतूनच बहुतेक नवी झाडं येतात.