भाच्याचा हिशोब बरोबर आहे, जागा चुकलीय

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ५६. मुंबईतल्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, गेल्या महिन्यात २४ लाख रुपये हातात आले. आता कणकवली तालुक्यात गावच्या घरी राहतो. घरखर्च महिना २० हजार, दोन वर्षांत मुलीचं लग्न. डोंगराच्या पायथ्याशी वडिलोपार्जित ३० गुंठे पडीक आहे. भाचा म्हणतो, तिथे ५० माद्या आणि ५ नर घेऊन वराहपालन करू. खर्च ३० लाख, त्यात १५ लाख अनुदान, १० लाख कर्ज आणि ५ लाख माझे. अनुदान टप्प्याने येणार म्हणून सुरुवातीला मी १२ लाख घालायचे, नंतर ७ परत मिळतील. नफा महिना ६० हजार धरलाय. बायको म्हणते, त्या जागेत रानडुकरं येतात. भाचा म्हणतो, सौरकुंपण घालू. काय करावं?

नमस्कार. वहिनींचं म्हणणं तुम्ही पत्रात अगदी शेवटी टाकलंय. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या पैशाचं काय होणार ते त्या एका ओळीवर ठरणार आहे.

पत्रासोबत आलेला भाच्याचा खर्च-नफ्याचा तक्ता मी दोनदा तपासला. पोरगा मेहनती दिसतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात एवढ्या प्रकल्पाला खर्चाच्या निम्मं, जास्तीत जास्त १५ लाखांपर्यंत अनुदान आहे, ते बरोबर. गाभणकाळ ११४ दिवस, वर्षाला दोन वेतं, वेताला आठ-दहा पिल्लं, तेही बरोबर. गोव्याचं गिऱ्हाईक जवळ आणि नाताळात भाव चढतो, मान्य. पण या अख्ख्या तक्त्यात पाच वर्षांत एकही जनावर मरत नाही. असा तक्ता मी शेळीपालनाचा पाहिलाय, कोंबड्यांचा पाहिलाय, कोळंबीचाही पाहिलाय.

आफ्रिकन स्वाइन फिव्हर हे नाव भाच्याने ऐकलं असेलच. २०२० साली हा रोग आसाम-अरुणाचलात आला आणि २०२२ मध्ये केरळात वायनाडच्या फार्मवर सापडला. वायनाड म्हणजे आपल्याच सह्याद्रीची खालची बाजू. माणसाला तो होत नाही. डुकराला झाला तर औषध नाही, आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला टोचून घेता येईल अशी लस नाही. लागण झालेल्या कळपातली बहुतेक सगळी जनावरं काही दिवसांत जातात. तक्त्यात लसीकरणाचे जे पैसे धरलेत, ते दुसऱ्या, जुन्या स्वाइन फिव्हरचे. ती लस टोचायचीच, पण तिचा इथे उपयोग नाही. नावं सारखी असल्यामुळे बरेच जण इथेच फसतात.

आता वहिनींच्या ओळीकडे. रानडुक्कर आणि गोठ्यातलं डुक्कर ही प्राणिशास्त्राच्या हिशोबाने एकच जात. त्यामुळे याचा रोग त्याला आणि त्याचा याला. शिवाय गोठ्यातली मादी माजावर आली की रानातला नर वास काढत येतो आणि कुंपण उकरून आत शिरायला बघतो. तुम्ही ५० माद्या ठेवणार, म्हणजे वर्षातले बरेचसे दिवस कोणती ना कोणती माजावर असणार. जंगलाच्या कडेला उभं राहून तुम्ही त्यांना रोज आमंत्रणच देणार आहात.

संगमेश्वराकडे माझ्या मामांचं घर आहे. लहानपणी एका सकाळी उठून पाहिलं तर परड्यातला सुरणाचा सगळा वाफा नांगरल्यासारखा उलटा. मातीत दुहेरी खुरांचे ठसे, आणि चिऱ्याच्या गडग्याचे खालचे दोन चिरे बाजूला सरकवलेले. वरून उडी मारायच्या फंदात तो पडलाच नव्हता, खालून मुसंडी मारून आला होता. मामा रात्री मांगरात बसून डबा वाजवायचे. चार रात्री राखण केली आणि पाचव्या रात्री झोप लागली. डुक्कर पाचव्या रात्रीच आला.

म्हणून सौरकुंपणाबद्दल दोन शब्द. चीज चांगली आहे. झटका बसतो पण जीव जात नाही, आणि जंगलालगतच्या गावांना त्यासाठी अनुदानही मिळतं. पण आपल्या पावसात जून ते सप्टेंबर गवत तारेला टेकतं आणि करंट जमिनीत उतरतो. दर आठ दिवसांनी कडा साफ करायला माणूस लागतो. त्याची मजुरी तक्त्यात नाही. शिवाय डुकरांच्या फार्मला एक कुंपण पुरत नाही. आतलं आणि बाहेरचं नाकाला नाक लावू शकणार नाही इतकं अंतर सोडून दोन कुंपणं लागतात, आणि आतल्याचा पाया चिऱ्याचा हवा. ३० गुंठ्यांच्या परिघाचा हा खर्च गवंड्याकडून लिहून घ्या, मग ‘जागा फुकट आहे’ हे वाक्य पुन्हा म्हणून पाहा.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. गावात कुणी घरची विजेची लाईन कुंपणाच्या तारेत सोडायचा सल्ला दिला तर त्याच्याशी त्या विषयावर बोलणं थांबवा. त्यात माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, आणि कुठलीही विमा कंपनी त्याचा पैसा देत नाही. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही, मग ते तुमच्या फार्मात का शिरलेलं असेना.

सरकार भरपाई देतं ना, असं भाचा म्हणेल. देतं. पण कशाची, ते नीट वाचा. फार्मवर रोग निघाला की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात आणि त्या मारलेल्यांची वजनानुसार ठरावीक रक्कम मिळते. रोगाने आधीच मेलेल्यांची ही भरपाई नाही. शेड, बुडालेले महिने, यांचं कुणी काही देत नाही. त्यात रोग तुमच्याकडे नसून वाडीतल्या दुसऱ्या कुणाकडे निघाला तरी तुमची जनावरं त्या एका किलोमीटरात येतात. विमा काढा, प्रीमियमला सरकारी मदत आहे, पण काढण्याआधी एजंटकडून लेखी घ्या की या रोगाने आलेलं मरण आणि सरकारी आदेशाने मारणं, दोन्ही पॉलिसीत बसतात का. तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ चालणार नाही.

हप्ता मात्र थांबत नाही. १० लाख, ११ टक्के, पाच वर्षं धरली तर महिना २१,७४२ रुपये. सहा महिन्यांच्या माद्या आणल्यात तर त्या फळायला दोन महिने, मग गाभणकाळाचे जवळपास चार, मग पिल्लू विकण्याजोगं व्हायला आठ. म्हणजे पहिला खरा पैसा चौदाव्या महिन्यात. तोवर हप्ता, खाद्य, माणसांचा पगार, सगळं तुमच्या खिशातून. ही चौदा महिन्यांची ओळ तक्त्यात कुठे आहे ते मला सापडलं नाही.

खाद्याबद्दल तर मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली. भाच्याने खाद्याचा खर्च निम्म्यावर आणलाय, कारण मालवणच्या हॉटेलांतलं उरलंसुरलं फुकट मिळणार आहे. याच बादल्यांतून हा रोग फार्मवर येतो. बाहेरून आलेल्या डुकराच्या मांसाचा एक तुकडा पुरतो, कारण विषाणू मांसात टिकून राहतो. ते खरकटं रोज, चांगलं तासभर उकळायचं तर लाकूड किंवा गॅस आणि एक माणूस वाढवा. वाढवल्यावर ‘फुकट’ खाद्य कितीला पडतं बघा. मला वाटतं महिन्याचे ६० हजार तिथेच निम्मे होतील.

आता तुमच्या शरीराचा हिशोब, कारण ५६व्या वर्षी फार्मवर तुम्हीच उतरणार आहात. पिल्लं असलेली मादी पाळीव असली तरी अंगावर येते, आणि नराचे सुळे मांडी फाडतात. मलमूत्राची टाकी साफ करायला कुणालाही एकट्याने आत उतरू देऊ नका, त्या वायूने माणसं जागच्या जागी गेलेली आहेत. लेप्टोस्पायरोसिस या तापाचं सिंधुदुर्गात वेगळं सांगायला नको, पण डुकराच्या लघवीतूनही तो येतो. भातशेतीतल्या डासांतून पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांत वाढतो, म्हणून शेड घराला आणि भाताच्या कुणग्याला लागून नको.

माझ्या एका क्लायंटची बाईक रात्री साडेनऊला घाटीत रानडुकरावर आदळली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडीच्या पॉलिसीत १५ लाखांचं अपघात कव्हर आहे म्हणून तो निश्चिंत होता. ते मृत्यूचं आणि कायमच्या अपंगत्वाचं असतं, हॉस्पिटलच्या बिलाचं नसतं. आणि नोकरी सोडल्यामुळे कंपनीचं मेडिक्लेम तीन महिन्यांपूर्वीच बंद झालं होतं. तुमचंही झालं असणार. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही, म्हणून विचारतो. त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, याची चौकशी याच आठवड्यात करा. जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ त्यामुळे वाचू शकतो. सातबाऱ्यावर नाव असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अपघाती मृत्यूला वारसांना २ लाख मिळतात, प्राण्याचा हल्लाही त्यात येतो. ते घरात सगळ्यांना माहीत असू द्या. अपघाताची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांची आहे, बँकेत फॉर्म भरा.

तर १२ लाख घालू नका. ५० माद्या नकोत, आणि त्या जागेत तर एकही नको.

तुमच्या २४ लाखांची मी अशी वाटणी करीन. १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. साठ पूर्ण नसली तरी ५५ नंतर स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला ती मिळते, पण पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत. तुमचा एक महिना गेलाय. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २४,६०० रुपये येतील. लग्नाचे ५ लाख वेगळ्या एफडीत, त्याला हात नाही. ३ लाख बँकेत, वर्षभराच्या घरखर्चाला. दीड लाख घराचं छप्पर आणि आरोग्य विम्याचा पहिला हप्ता. उरले अडीच लाख. हे गेले तरी तुमची चूल पेटती राहील, आणि हेच भाच्याचे.

त्यात त्याने वाडीजवळ, जंगलापासून लांब, एखादी छोटी जागा भाड्याने घ्यावी आणि दूध तुटलेली आठ-दहा पिल्लं आणून वाढवावीत. प्रजनन नको, म्हणजे माजाचा वास कमी आणि रानातले पाहुणेही कमी. ग्रामपंचायतीचा दाखला आणि शेजाऱ्यांचा होकार आधी, शेड नंतर. वासावरून वाडीत तंटा झाला तर तो रोगापेक्षा जास्त वर्षं टिकतो. त्याने जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत एक फेरी मारावी, तिथे डुकरांवर काम चालतं. आणि या नफ्यावर कर लागतो हे लक्षात ठेवा. पशुपालन हे शेतीउत्पन्न नाही, ते व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं.

डोंगराखालच्या ३० गुंठ्यांचं काय करायचं, ते वहिनींना विचारा. डुकरं कुठून येतात ते त्यांना माहीत आहे.

पहिली तुकडी विकली की हिशोब मला पाठवा, खाद्याच्या पावत्यांसकट. मेलेल्या पिल्लांचा रकाना रिकामा सोडू नका.