सभागृहात बोलून काय होतं?

(नाशिकच्या एक निवृत्त राज्यशास्त्र शिक्षिका या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. महाराष्ट्रातले एक खासदार राज्यसभेत कांद्यावर तावातावाने बोलतानाचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर फिरतोय. पोरं म्हणतात, वाघ आहे. मी म्हणतो, या बोलण्याने लासलगावचा भाव रुपयाने तरी हलला का? बाई, बोलून नेमकं होतं काय?

उत्तर : भाऊ, भाव हलला नसणार. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. तो शून्य प्रहरातला आहे. राज्यसभेत सकाळी अकराला कागदपत्रं पटलावर ठेवून झाली की शून्य प्रहर लागतो. ज्याला परवानगी मिळाली त्याला तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की माइक बंद, मग वाक्य अर्धं राहिलं तरी. तुमच्या व्हिडिओत शेवटी खासदारांचे ओठ हलतायत आणि आवाज येत नाही, ते त्यामुळेच. मोबाइल बिघडलेला नाही. शिवाय मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच हवं असंही बंधन नाही. गाऱ्हाणं नोंदवलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

खरी गोम पुढे आहे. कांद्याची निर्यातबंदी विधेयक म्हणून सभागृहापुढे येतच नाही. विदेशी व्यापाराचा 1992 चा कायदा आहे, त्याखाली केंद्र सरकार अधिसूचना काढतं आणि बंदी लागू होते. त्यावर आधी चर्चा नाही, मतदान नाही. तारखा बघा. 2023 चं पावसाळी अधिवेशन 11 ऑगस्टला संपलं आणि 19 ऑगस्टला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसलं. लिलाव बंद पडले, तुम्हीही तेव्हा ट्रॅक्टर माघारी नेला असेल. डिसेंबरात तर हिवाळी अधिवेशन चालू असतानाच 8 तारखेपासून पूर्ण बंदी आली. ती उठली 4 मे 2024 ला, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर ते 40 टक्के शुल्क ठेवून. शुल्क पुरतं जायला 1 एप्रिल 2025 उजाडला.

मग खासदाराच्या हातात काय उरतं? तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो. पंधरा दिवस आधी सूचना द्यायची; दिवसाला असे पंधराच प्रश्न लागतात. दुपारी बाराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो, मंत्र्याला उभं राहावं लागतं आणि छापील उत्तरावर उपप्रश्न झेलावे लागतात. आकडे तिथे बाहेर पडतात : सरकारसाठी खरेदी करणाऱ्या नाफेडने किती कांदा घेतला, कुठल्या भावाने घेतला, बाजारात कधी सोडला. मंत्री ‘माहिती घेऊन सांगतो’ किंवा ‘विचार करू’ असं बोलून गेले, तर ते आश्वासन म्हणून टिपलं जातं. राज्यसभेची एक आश्वासन समिती आहे. तीन महिन्यांत आश्वासन पुरं झालं की नाही हे ती बघते आणि नसेल तर खात्याला जाब विचारते. तिचं काम टीव्हीवर दिसत नाही आणि त्यावर कोणी रीलही बनवत नाही. पण माझ्या मते संसदेतल्या बोलण्याला दात असतील तर ते तिथे आहेत.

2020 चा सप्टेंबरही आठवा. 14 सप्टेंबरला अधिवेशन सुरू झालं, त्याच दिवशी कांद्याची निर्यात बंद झाली. करोनाचं कारण देऊन त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, फक्त लेखी उत्तरं. आणि 22 तारखेला राज्यसभेने जे विधेयक मंजूर केलं त्यात कांदा-बटाट्यावरची साठ्याची बंधनं सैल केली होती, शेतकऱ्याला मोकळीक म्हणून! एका हाताने दार उघडायचं, दुसऱ्या हाताने कडी लावायची. यातली विसंगती मंत्र्याला समोरासमोर विचारायची जागाच त्या दिवसांत नव्हती. (पुढे तो कायदा बाकीच्या दोन कृषी कायद्यांबरोबर 2021 मध्ये मागे घेतला गेला.)

तेव्हा पुढच्या खेपेला तुमचे खासदार पिंपळगावला सत्काराला आले की व्हिडिओचं कौतुक करू नका. कांद्यावर तारांकित प्रश्न कोणत्या तारखेला लागला होता आणि उपप्रश्न काय विचारलात, एवढंच विचारा.

प्रश्न : मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी सांगितलं की शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी महिला आरक्षणाविरुद्ध राज्यसभेत एकट्याने मत दिलं होतं. माझी आजी चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली होती, ती म्हणते हे शक्यच नाही. कोण खरं?

उत्तर : दोघंही खरं बोलतायत गं. आजीला माझा नमस्कार सांग. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवणारे शरद जोशीच. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करा म्हणून गावोगाव फिरणारेही तेच. आणि 9 मार्च 2010 ला राज्यसभेत 186 विरुद्ध 1 अशी नोंद झाली, त्यातला तो 1 सुद्धा तेच.

त्यांचा आक्षेप बायकांना जागा देण्याला नव्हता, जागा फिरत्या ठेवण्याला होता. त्या विधेयकात राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला बदलणार होते. आज निवडून आलेली बाई पुढच्या वेळी त्याच जागेवरून उभी राहील याची शाश्वती नाही. मग मतदारसंघाची मशागत ती कशाला करेल, आणि शेजारचा पुरुष तरी कशाला करेल? असा तो मुद्दा होता. मला स्वतःला तो पटतो तेवढा पटतो. तेवढ्यासाठी अख्खं विधेयक नाकारावं असं मात्र वाटत नाही. आमच्या घरी यावरून तेव्हा कडाक्याचं भांडण झालं होतं.

परीक्षेच्या दृष्टीने हे लक्षात ठेव. महिला आरक्षणाचं विधेयक घटनादुरुस्तीचं होतं, आणि घटनादुरुस्ती आवाजी मतदानाने होत नाही. मतविभागणी घ्यावीच लागते आणि कोणी कुठे मत दिलं ते नावानिशी छापलं जातं. म्हणून शरद जोशींचं ते एक मत आजही सापडतं. याउलट 20 सप्टेंबर 2020 ला दोन कृषी विधेयकं राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक मतविभागणी मागत होते, गोंधळ चालला होता. त्या दिवशी महाराष्ट्राच्या कोणत्या खासदाराने ‘हो’ म्हटलं आणि कोणी ‘नाही’, हे तुला कुठल्याच कागदावर मिळणार नाही.

आजीला आणखी एक सांग. 2010 चं ते विधेयक लोकसभेत पडून राहिलं आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबरच बुडालं. 2023 मध्ये नवीन आलं, राज्यसभेत 214 विरुद्ध 0 ने मंजूर झालं. त्यात जागा फिरत्याच आहेत, पण दर निवडणुकीला नाही, मतदारसंघांच्या दर फेररचनेनंतर. एकट्या माणसाचा मुद्दा तेरा वर्षांनी असा वाचायला मिळतो.

प्रश्न : राज्यसभेच्या खासदाराला नाशिकने मत दिलेलं नसतं. मग आम्ही त्याला जाब कसा विचारायचा? (पंचवटी)

उत्तर : मत तुमच्या आमदाराने दिलेलं असतं. महाराष्ट्राच्या 19 जागा आहेत, विधानसभेचे आमदार त्या निवडतात, सहा वर्षांसाठी. त्यामुळे ते 19 जण अख्ख्या राज्याचे आणि म्हणून तुमचेही. खासदार निधीही ते राज्यात कुठेही देऊ शकतात. ‘नाशिक माझ्याकडे येत नाही’ हे उत्तर कोणी दिलं तर चालवून घेऊ नका. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड आधी नाशिकचे लोकसभा सदस्य होते, नंतर 1962 ते 1968 राज्यसभेत. काळारामाच्या सत्याग्रहातला हा माणूस भूमिहीनांचा प्रश्न घेऊन लढला, 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या वेळी तो राज्यसभेचा सदस्य होता. भूमिहीन काही एकट्या नाशिकचे नव्हते.

प्रश्न : आमच्या खासदारांची हजेरी 92 टक्के आहे असं फ्लेक्सवर छापलंय. चांगली म्हणायची ना?

उत्तर : सही करून कॅन्टीनमध्ये बसलं तरी हजेरी लागते. मंत्री तर त्या वहीत सहीच करत नाहीत, त्यांची टक्केवारी निघतच नाही. राज्यसभेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने भाषणं आणि प्रश्न शोधता येतात. एखादं भाषण उघडा. त्यात ‘(व्यवधान)’ हा शब्द दर दोन ओळींनी दिसेल, तो गाळून जे उरतं ते वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि फ्लेक्सच्या खर्चापेक्षा स्वस्त.