मित्र म्हणतो साठची वेज हवीच. मित्राला विचारा, जमीन कुठली?

तुमचा प्रश्न गोल्फचा, तो असा: आयर्नच्या (लोखंडी डोक्याच्या क्लबांच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांच्या) सेटमध्ये पिचिंग वेज आली आहे, जवळच्या उंच फटक्यांसाठी अजून दोन वेज घ्यायच्या आहेत, तर ५२ आणि ५६ घ्याव्यात की ५६ आणि ६०? सरावाचं मैदान कोरडं आणि कडक आहे. मित्र म्हणतो, साठ हवीच.

त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. आमच्याकडे त्या मित्राच्या जागी दाजी होते.

लॉफ्टचं, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या तिरकेपणाचं, आधी उरकतो; ५२, ५६, ६० हे त्याचेच अंश. साठ घेऊ नका. आणि तुम्ही पिचिंग वेजचा लॉफ्ट लिहिलेलाच नाही, सगळं गणित तर तिथून सुरू होतं. जुन्या सेटमध्ये ती ४८च्या आसपास असायची. ‘आमचं आयर्न लांब जातं’ हे दाखवायच्या नादात कंपन्यांनी लॉफ्ट खाली खाली आणले. आता ४४ सर्रास मिळते, ४३ सुद्धा. नाव पिचिंग वेजचं, काम जुन्या नऊ नंबरच्या आयर्नचं. माझी ४४ आहे, ती ११५ यार्ड जाते. छप्पन्न पूर्ण ताकदीने ७५. मधल्या ४० यार्डांत मी तीन वर्षं अर्धा, पाऊण, सव्वापाऊण स्विंग करत चाचपडलो. त्या खड्ड्यात ५०ची वेज बसवली आणि अर्धं दुखणं गेलं. दोन वेजमध्ये चार ते सहा अंशांचं अंतर ठेवा. तुमची पिचिंग ४६ असेल तर ५१-५६ किंवा ५२-५६ घ्या, ४४ असेल तर ५०-५६. हे कोणीही सांगेल. जे कोणी सांगत नाही ते बाउन्सचं, म्हणजे वेजच्या तळव्याचं, आणि मला ते कळायला एका गाडीची काच फुटावी लागली.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. गोल्फचा नाद लावला दाजींनी. ते पुण्यात असतात, तिथल्या क्लबात खेळतात, आणि ताईच्या लग्नापासून आमच्या घरात दाजी बोलले की विषय संपतो. सेट जुना घेतला, दाजींच्या ओळखीतून. वेज मात्र नव्या घ्यायच्या, असं त्यांनीच ठरवलं. ‘वेज घ्यायला पुण्याला चाललोय’ म्हटल्यावर घरी जे विनोद झाले ते इथे लिहीत नाही, सोलापुरात मटण सोडून वेजसाठी पुण्याला जाणाऱ्या माणसाला लोक सोडत नाहीत. दुकानात मला कोणी काही विचारलं नाही. मी कुठे खेळतो, कशावर खेळतो, चेंडूवर क्लब कसा उतरवतो, काही नाही. दाजी आणि दुकानदार आपसात बोलले आणि माझ्या हातात दोन वेज आल्या: ५६-१४ आणि ६०-१०. पहिला आकडा लॉफ्टचा, दुसरा बाउन्सचा, हे तुम्हाला माहीत असेलच. मला तेव्हा दुसरा आकडा मॉडेल नंबर वाटला होता. दोन्ही मिळून सव्वीस हजार. साठ कशाला, विचारलं तर दाजी म्हणाले, “मिकलसनचे फ्लॉप शॉट बघितलेस का? साठशिवाय ते होत नाही.” बघितले होते. मिकलसन हा अमेरिकन व्यावसायिक गोल्फर, दाराशी उभा राहून चेंडू सरळ वर उडवतो आणि उंबऱ्यावर ठेवतो. पण मिकलसन अक्कलकोट रोडला सराव करत नाही.

कारखान्याच्या मागे आमचा दोन एकरांचा मोकळा प्लॉट आहे. काळी माती. पावसाळ्यात पाय काढता येत नाही, आणि एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा. भेगांच्या मधला भाग बडवून काढलेल्या फरशीसारखा. वर कुसळी गवत, तेही आम्ही कापून घेतलेलं. तिथे रोज सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, मी चेंडू मारायचो. पिचिंग वेज बरी चालायची. छप्पन्न हातात घेतली की दहातले सहा चेंडू जमिनीसरपट, सुसाट. क्लब आधी जमिनीवर आदळायचा, टण्णकन उसळायचा आणि पुढची धार चेंडूच्या बरोबर पोटात बसायची.

मे महिन्यातली गोष्ट. हैदराबादचा एक खरेदीदार टॉवेलचे नमुने बघायला आलेला. चहा झाला. त्याने कोपऱ्यातली बॅग बघितली, म्हणाला मीही थोडंफार खेळतो, दाखवा की. मला काय, हौस! गेलो मागे. तीस यार्डांवर बादली ठेवली, छप्पन्न काढली, दाजींनी शिकवल्याप्रमाणे फेस उघडला, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू आभाळाकडे वळवली, आणि मारला. चेंडू उंच उडून बादलीजवळ पडला असता तर बोलायलाच नको. तो कमरेइतक्या उंचीवरून गेला, कंपाउंडच्या फाटकातून आरपार, आणि रस्त्याकडेला लावलेल्या त्याच माणसाच्या गाडीच्या पुढच्या काचेवर. आवाज लूमच्या खडखडाटातही ऐकू आला. माणूस भला, हसला. काच मी बदलून दिली, ऑर्डरही मिळाली, पण अजून त्याचा फोन आला की पहिलं वाक्य “गाडी आत लावू की बाहेर?”

दाजींना सांगितलं. ते म्हणाले, “तू डोकं वर काढतोस.” बस. पुढचं एक वर्ष मी डोकं खाली ठेवत होतो. हनुवटी छातीला लावून, चेंडू गेल्यावरही दोन सेकंद खालीच बघत. मानेला पट्टा लागायची वेळ आली. चेंडू तसेच सरपट. दर फोनला दाजी, “अजून काढतोस वर.” ताईसुद्धा मागून म्हणायची, “अरे, डोकं खाली ठेव की.” तिने आयुष्यात क्लब हातात धरलेला नाही.

मग ऑगस्टमध्ये पुण्याला गेलो. आठवडाभर पाऊस झालेला, फेअरवे (मैदानातला कापलेल्या गवताचा पट्टा) पायाखाली दबत होता. पहिल्याच होलला ग्रीनजवळ (खळीभोवतीच्या बारीक गवताजवळ) तीच छप्पन्न काढली, तोच स्विंग केला, आणि चेंडू असा अलगद उठला की मीच दचकलो. दुसरा तसाच, तिसराही. दाजींनी पाठीवर थाप मारली, “बघ, ठेवलंस ना डोकं खाली!” मी काहीच वेगळं केलं नव्हतं. परतीच्या गाडीत भिगवणपर्यंत तेच डोक्यात. क्लब तोच, माणूस तोच, डोकं तेच. बदलली काय ती जमीन.

सोमवारी ती वेज आमच्या फिटरला दाखवली. हा माणूस तीस वर्षं लूमचे पार्ट घासतोय, गोल्फ कशाशी खातात त्याला माहीत नाही. त्याने क्लब उलटा करून तळवा बघितला, म्हणाला, “मालक, हे नांगर हाय का वखर?” मग स्वतःच तळव्यावर मार्कर फासला, म्हणाला मारा पाच-सहा. मारले. पुढच्या धारेजवळची शाई जशीच्या तशी, मागच्या टेकाडावरची पार पुसलेली. “टाच टेकतीय, फाळ टेकतच नाय. कशाला जाईल आत?”

बाउन्स म्हणजे एवढंच. वेजचा तळवा सपाट नसतो, मागे पोट सुटलेलं असतं. दांडा सरळ धरला तर ते पोट पुढच्या धारेपेक्षा खाली येतं, त्यातल्या कोनाला बाउन्स म्हणतात. वखराची पास (पातं) जास्त तिरकी लावली तर ती मातीत रुतून बसते, कमी लावली तर वरच्यावर घसरते, हे ज्याने शेतात एक दिवस काढलाय त्याला सांगावं लागत नाही. पोट मोठं असेल तर क्लब वाळूत, ओल्या मातीत रुतत नाही, घसरून बाहेर येतो. पण जमीनच आत घेत नसेल तर तेच पोट आदळून उसळतं. आणि इथे दाजींच्या शिकवणीतली खरी मेख: फेस उघडला की ते पोट अजून खाली येतं. म्हणजे १४चा बाउन्स मी फेस उघडून आणखी वाढवत होतो, तेही मे महिन्यातल्या काळ्या मातीवर. हात थोडे पुढे ठेवून फेस न उघडता सरळ ठेवला असता तर तोच बाउन्स कमी झाला असता. डोक्याचा काही संबंध नव्हता. (हे वाक्य मी दाजींसाठी लिहिलंय, तुम्ही सोडून द्या.)

हे पोट आलं कुठून तेही मजेशीर आहे. जीन सॅराझेन नावाचा अमेरिकन, बंकरमध्ये, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यात, क्लब रुततो म्हणून वैतागलेला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आपल्या निब्लिकच्या (त्या काळच्या जास्त तिरक्या आयर्नच्या) मागे धातूचा डाग देऊन तळवा जाड केला, आणि १९३२ची ब्रिटिश ओपन जिंकला. विमानाच्या शेपटीकडचा भाग खाली झुकताना बघून त्याला ही कल्पना सुचली म्हणतात. त्याची अडचण भुसभुशीत वाळूची होती, म्हणून त्याने लोखंड चढवलं. आमची अडचण फरशीची, म्हणून फिटरने उतरवलं.

हो, घासली. बेंच ग्राइंडरवर, मागची कड आणि टाच, अर्धा मिनिट घासून पाण्याच्या बादलीत बुडवत. बादली विसरू नका, क्लबचं डोकं तापलं की आत दांडा चिकटवलेला इपॉक्सी सुटतो आणि पुढच्या स्विंगला क्लबचं डोकंच शेजारच्या कारखान्यात. कोनमापकाने मोजत चौदावरून आठापर्यंत आणला. वजन कमी झालं ते मागे शिशाची पट्टी चिकटवून भरलं. क्रोम गेल्यामुळे गंज धरते, म्हणून लूमचं तेल लावून ठेवतो. दिसायला भंगारातून उचललेली वाटते. त्या दिवसापासून प्लॉटवर दहातले आठ चेंडू उठतात. उरलेले दोन माझे.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला दाजी आले होते. नंदीध्वजांची मिरवणूक बघून झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटवर नेलं. आधी त्यांची स्वतःची छप्पन्न, बाउन्स १२, त्यांच्या हातात दिली. तीन चेंडू, तिन्ही सरपट. मी काही बोललो नाही. डोकं वर काढलंत असंही म्हणालो नाही, फार मोह झाला होता. मग माझी घासलेली दिली. पहिलाच चेंडू बादलीत. दाजींनी क्लब उलटा करून बघितला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ही जरा हलकी आहे, म्हणून.” नाश्त्याला कडक भाकरी आणि शेंगा चटणी होती, पुढचा विषय तोच झाला.

तर तुम्ही काय करावं. नवी घेत असाल तर घासाघाशीची गरजच नाही. कोरड्या मैदानासाठी ५६ला बाउन्स ८च्या आसपास बघा, मागची कड उतरवलेली असेल तर उत्तम. ५०-५२ बहुतेक पूर्ण स्विंगने मारली जाते, तिचा बाउन्स ८-१० असला तरी बिघडत नाही. साठ मिरवायची वस्तू आहे. कडक जमिनीवर साठने फ्लॉप मारायला चेंडू आणि माती यांच्या मधे जेवढी जागा लागते तेवढी जागाच नसते. चौदा क्लबांच्या मर्यादेत तिच्याऐवजी एक हायब्रिड (लांब मारायचा, आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) ठेवा, दर फेरीला उपयोगी पडेल.

आता दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुम्ही क्लब खूप उभा उतरवत असाल, मोठे डिव्हॉट (गवत-मातीचे तुकडे) काढत असाल, तर ८ बाउन्सची वेज पावसाळ्यात नांगर होईल, तुम्हाला १० तरी लागेल. आणि बंकरमधली वाळू मऊ, खोल असेल तर माझी घासलेली वेज तिथे रडवते. पुण्यात गेलो की बंकरमध्ये माझे दोन-दोन फटके जातात आणि दाजी पलीकडे उभे राहून काही बोलत नाहीत. म्हणजे त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं, त्यांच्या जमिनीपुरतं. आठवड्यातले सहा दिवस तुम्ही ज्या जमिनीवर मारता तिच्यासाठी घ्या.

जुनी घेत असाल तर फेसवरच्या खाचांवरून नख फिरवा. नख अडकायला हवं, घसरलं तर खाचा झिजल्या, फिरकी मिळणार नाही, सोडून द्या. नीट अडकणारी हवी असेल तर माझ्याकडे एक साठ आहे, बाउन्स १०. दाजींकडेही एक आहे, त्यांची माझ्यापेक्षा सहा वर्षं जुनी. गेल्या खेपेला हळूच नख फिरवून बघितलं. अजून नव्यासारखी आहे.