पोरगी अजून शिकतेय का?

येळ्ळूरच्या एका मुलीचं पत्र आलंय. वय ३१. धारवाडला भातावरच्या करपा रोगावर पीएचडी झाली. आता बेंगळुरूला २ वर्षांची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, म्हणजे पीएचडीनंतर मानधनावर संशोधन करायची संधी, मिळाली आहे आणि नेमकी त्याच वेळी बेळगावातल्या एका कॉलेजात गेस्ट लेक्चररची जागा चालून आली आहे. आई म्हणते, "अजून किती शिकायचं?" बाबा गप्प आहेत. ती विचारते, "मावशी, मी हट्ट करतेय का?"

नाही गं पोरी. पण घरी तू ‘पुढचं शिकायला जाते’ असं सांगितलंस, तिथं गडबड झाली. शिक्षण पीएचडीला संपलं. बाबांनी गल्लीभर कुंदा वाटला तो त्याचाच ना? आता चाललीस ती कामाला. पाहुण्यांनी ‘पोरगी काय करते’ विचारलं की बाबांना सांगता यावं, ‘भाताच्या रोगावर संशोधन करते, बेंगळुरूला.’ ते गप्प आहेत ते रागाने नव्हे, सांगायला शब्द नाही म्हणून, असं मला वाटतं.

आणि कॉलेजची ती जागा तरी कुठे कायमची? गेस्ट लेक्चररची नेमणूक दर वर्षी नव्याने. मी तुझ्या जागी असते तर बेंगळुरूला गेले असते.

मात्र डोळे उघडे ठेवून जा. माझ्या भाचीचं मानधन चार महिने अडकलं होतं, खोलीभाडं भावाने भरलं. तेवढ्या दिवसांचा खर्च आधीच बाजूला काढ. २ वर्षं बघता बघता सरतात; रसायनं मागवण्यात, यंत्राची पाळी येण्यात पहिले महिने जातात, आणि संशोधनाचा पेपर छापून यायला वेळ लागतो तो वेगळाच. म्हणून पुढचे अर्ज पहिल्या वर्षातच सुरू कर. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपच्या पोस्टडॉक गटात पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आतच अर्ज करता येतो, हे लक्षात ठेव.

तू लिहिलंयस, लहानपणी बासमतीच्या पानावर डोळ्यासारखे ठिपके बघितलेस, मधे राखाडी, कडेला तपकिरी, आणि बाबा म्हणाले, "गेलं हे वाफं." पीएचडीत प्रश्न गाइडनी दिला होता. त्या ठिपक्यांचा हा प्रश्न तुझा आहे. पोस्टडॉकमध्ये तो स्वतःच्या हिमतीवर मांडता येतो, चुकला तरी तुझाच असतो. हे सुख मोठं आहे पोरी, पगाराच्या चिठ्ठीत ते दिसत नाही. शिवाय तुला मराठीइतकंच कन्नड येतं. बेंगळुरूकडच्या मंड्याच्या शेतकऱ्याशी बांधावर बसून बोलता येईल, हे तिथल्या किती जणांना जमतं?

होकार कळवण्याआधी एक कर. त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या दोघांना तरी फोन लाव. पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं, सुट्टी मागितली तर काय झालं, बाहेर पडल्यावर ते कुठे लागले, सरळ विचार. उत्तर द्यायला अडखळले तर मला परत लिही.