जुनिन्योबद्दल विचारलंत म्हणून…

मागच्या लेखात ब्राझीलचा फुटबॉलपटू, फ्री किकचा उस्ताद जुनिन्यो पेर्नांबुकानोचं नाव ओझरतं आलं आणि पत्रांचा ढीग पडला. त्यातल्या काहींना ही उत्तरं.

तो ‘वास्को द गामा’ क्लबकडून खेळला. आमच्या गावाचंही नाव वास्को. हा योगायोग का? (वाचक, वास्को, गोवा)

योगायोग नाही, दोन्ही नावं एकाच खलाशाची. त्याच्या हिंदुस्थानच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून रिओतल्या पोर्तुगीज स्थलांतरितांनी १८९८ च्या ऑगस्टमध्ये हा क्लब काढला, तोही होड्या वल्हवण्यासाठी. फुटबॉल नंतर आला.

जुनिन्यो जन्माने रेसिफेचा, म्हणजे पेर्नांबुको राज्यातला. इंग्लंडच्या मिडल्सब्रो क्लबाचा जुनिन्यो वेगळा, तो पाउलिस्ता, म्हणजे साओ पाउलोचा. आपला जुनिन्यो १९९५ मध्ये वास्कोत आला. १९९८ हे क्लबाचं शताब्दी वर्ष. लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या करंडकाची उपांत्य फेरी, ब्वेनोस आयरेसला रिव्हर प्लेट या अर्जेंटिनाच्या क्लबाचं खच्चून भरलेलं मैदान, वास्को एका गोलने मागे. शेवटची काही मिनिटं उरली असताना बदली म्हणून आलेल्या जुनिन्योने लांबून फ्री किक (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणारा मोकळा फटका) मारली आणि बरोबरी साधली. घरचा पहिला सामना वास्कोने जिंकलेला असल्याने बरोबरी पुरली, वास्को अंतिम फेरीत गेला आणि करंडक जिंकला. वास्कोचे चाहते त्या गोलवरचं गाणं आजही म्हणतात.

ल्योंसारख्या क्लबात आठ वर्षं काढण्यापेक्षा तो माद्रिद-मिलानला का गेला नाही? (पुणे)

प्रश्नातला ‘सारख्या’ मला खटकला. २००१ मध्ये तो गेला तेव्हा ल्योंने फ्रान्सची लीग एकदाही जिंकली नव्हती. २००२ ते २००८ सलग सात वेळा जिंकली आणि सातही वेळा जुनिन्यो संघात होता. २००९ मध्ये निरोप घेताना त्याच्या नावावर बरोबर १०० गोल होते, त्यातले ४४ फ्री किकवर. मधल्या फळीतल्या माणसाचे हे आकडे आहेत! तयार घरात राहायला जाणारे पुष्कळ असतात, याने घर बांधलं. माझ्या लेखी हे मोठं.

त्याची फ्री किक हवेत हेलकावे का खायची? आमच्या पेठेतली पोरं शिकू शकतील? (कोल्हापूर)

चेंडू गरगर फिरला की एका बाजूला नियमाने वळतो, गोलरक्षकाला अंदाज येतो. जुनिन्योचा चेंडू जवळजवळ फिरतच नसे. अशा वेळी शिवणीपाशी हवेचा प्रवाह कधी या बाजूने आधी सुटतो, कधी त्या, आणि चेंडू मध्येच डगमगतो, शेवटी झपकन खाली येतो. श्रीरामपूरच्या झहीर खानच्या नकल बॉलमध्येही फिरकी अशीच काढून टाकलेली असते, पण तिथे मुख्य डाव वेग चोरण्याचा.

इटलीचा फुटबॉलपटू पिर्लो हे कोडं कित्येक दिवस सोडवत बसला होता. त्याला सापडलेलं उत्तर असं: पाऊल शक्य तितकं सरळ, आणि चेंडूच्या खालच्या भागाला पायाच्या पहिल्या तीन बोटांनी फटका. पोरांना सांगा, आधी जवळून, समोर खेळाडूंची भिंत न उभी करता मारा. चेंडूवरची खूण हवेत स्पष्ट दिसली, तर जमलं.

ब्राझीलकडून तो फारसा का दिसला नाही? (ठाणे)

त्याच जागांसाठी रोनाल्डिन्यो आणि काका होते. २००६ च्या विश्वचषकात जपानविरुद्ध त्याने गोल केला. फ्रान्सकडून हरल्यावर थांबला, आता तरुणांना जागा द्यावी म्हणून. एक विलक्षण गोष्ट मात्र सांगायलाच हवी: ७ सप्टेंबर १९९९ ला तो पोर्तो आलेग्रेत देशाकडून अर्जेंटिनाविरुद्ध खेळला आणि त्याच दिवशी विमानाने मोंतेव्हिदेओला जाऊन वास्कोसाठी उतरला.

निवृत्तीनंतर समालोचक म्हणून कसा होता? (नाशिक)

स्पष्ट. २०१४ पासून तो ब्राझीलच्या ग्लोबो समूहाच्या वाहिन्यांवर सामन्यांचं विश्लेषण करायचा. खेळाडू गरीब घरांतून येतात, त्यांनी ते विसरू नये, असं ठणकावून सांगायचा आणि राजकारणावरही बोलायचा. २०१८ मध्ये क्लबांचं वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांवर त्याने टीका केली, वाहिनीने हात झटकले, त्याने काम सोडलं. पुढे २०१९ ते २०२१ ल्योंचा क्रीडा संचालक झाला.

त्याच्या बोलण्याला वजन होतं, कारण तो तसाच वागलेला होता. कतारच्या अल-घराफाकडून खेळून २०११ मध्ये वास्कोत परतला, तेव्हा त्याने पगार घेतला तो ब्राझीलच्या किमान वेतनाएवढा. परतल्यावरचा पहिला सामना कोरिंथियन्सशी होता. त्यात त्याने गोल केला, फ्री किकवरच.