केसाळ रानमाणसांच्या कथा

प्रश्न : आमच्याकडे देवचार घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन गावाची राखण करतो, असे मानतात. अंगभर केस असलेल्या रानमाणसांच्या कथा जुन्या जगात कोठे आढळतात, आणि त्यांना काही आधार आहे का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : फार जुना नमुना म्हणजे मेसोपोटेमियातील गिल्गमेश महाकाव्यातला एन्किडू, त्याचे अंग केसांनी झाकलेले असून तो हरणांबरोबर गवत खात असे. आधाराच्या दृष्टीने मात्र कार्थेजचा दर्यावर्दी हॅनो याच्या सफरीचा वृत्तान्त अधिक मोलाचा आहे. इ. स. पूर्व 5व्या शतकाच्या सुमारास आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने जाताना एका बेटावर त्याच्या खलाशांना केसाळ ‘माणसे’ आढळली. नर कड्यांवर चढून, दगड मारीत निसटले, तर हाती लागलेल्या तीन माद्या चावू-ओरबाडू लागल्याने त्यांना ठार करून त्यांची कातडी कार्थेजला नेण्यात आली. हे मोठे वानर असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि ते पटण्याजोगे आहे.

मध्ययुगीन युरोपात हाच रानमाणूस दरबारी सोंगांतही शिरला. 1393 मध्ये पॅरिसला फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स पाच साथीदारांसह असे सोंग घेऊन नाचत असता, केसांसाठी राळेने चिकटवलेल्या तंतूंनी मशालीमुळे पेट घेतला; राजा वाचला, पण चौघे दगावले.